जर्मनीच्या पटाला कसे जावे

पहिली सूचना अशी की, बेत ठरला तरी गावात बोलू नका. आंधळगावात एखादी गोष्ट चहाच्या टपरीपर्यंत पोचली की तिचा बेत राहत नाही, चौकशी होते. मी बोलून बसलो. त्याला आता तिसरं वर्ष लागलं. मागावरून मान वर करून, सायकल थांबवून, एकदा तर मयतीत खांदा बदलताना, माणसं मला विचारतात, "काहून जी, गेले नाही अजून जर्मनीले?" त्यामुळे हे मार्गदर्शन लिहायचा अधिकार आपोआप माझ्याकडे येतो. जे जाऊन आले ते फार तर रस्ता सांगतील. न जाण्याचा इतका अनुभव त्यांच्यापाशी कुठला?

जायचं कुठे, ते आधी बघू. जर्मनीच्या पश्चिमेला आयफेल नावाचे डोंगर आहेत. त्यात न्यूरबुर्ग हे खेडं, खेड्याच्या डोक्यावर पडका किल्ला, आणि किल्ल्याला वळसा घालत जंगलातून फिरणारा मोटारींच्या शर्यतीचा रस्ता. नाव न्यूरबुर्गरिंग. त्यातला जुना, उत्तरेचा फेरा २०.८३२ किलोमीटरचा, वळणं ७३, आणि सगळ्यात खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत चढ सुमारे ३०० मीटरचा. १९२५ साली काम सुरू झालं, १९२७ च्या जूनमध्ये पहिल्या शर्यती झाल्या. मुलूख गरीब, लोकांच्या हाताला काम नाही, म्हणून हे काम काढलेलं. म्हणजे आपल्या भाषेत रोजगार हमी. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या रोजगार हमीतून पाझर तलाव आणि खडीचे रस्ते निघाले, त्यांच्या हमीतून हे निघालं. खडी फोडणाऱ्याला दोन्हीकडे आपण काय बांधतोय याची सारखीच कल्पना असावी.

१९६८ साली जॅकी स्टुअर्ट या स्कॉटलंडच्या गड्यानं इथली शर्यत पावसात आणि धुक्यात चार मिनिटांहून जास्त अंतरानं जिंकली आणि या रस्त्याला 'हिरवा नरक' असं नाव देऊन टाकलं. नवशिक्याचा इथे गोंधळ होतो. भंडारा जिल्ह्यात हिरवं म्हटलं की धान, आणि नरक म्हटलं की धान विकायला लावलेली रांग. हे नाव त्या अर्थानं घेऊ नये. १ ऑगस्ट १९७६ ला शर्यतीत निकी लाउडा या दुसऱ्या गड्याची गाडी इथेच पेटली. तो वाचला आणि सहा आठवड्यांत परत शर्यतीत बसला, पण फॉर्म्युला वनची शर्यत त्या जुन्या फेऱ्यावर पुन्हा झाली नाही.

मग आपण तिथे कशाला? तर शर्यत नसेल त्या दिवशी हा रस्ता सर्वांना खुला असतो. कायद्यानं तो एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता. पैसे भरा, दांडा वर होईल, आपली गाडी आत. एवढ्या एका वाक्यावर माझी तीन वर्षं गेली.

गावाला हे समजावण्याची माझी पद्धत फसली, ती तुम्ही वापरू नका. मी ते एका जुन्या धुरकऱ्याला सांगायला गेलो. तरुणपणी त्यांनी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, छकडा हाकला होता. अजूनही डाव्या हाताच्या मुठीत कासरा असल्यासारखी बोटं वळलेली असतात. बाजेवर बसून त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"किती जोड्या सुटतेत?"

"जोड्या नाही जी. ज्याची त्याची गाडी. ज्याचं त्यानं जायचं."

"मंग हरते कोन?"

"कोणीच नाही. वेळ लावायचीसुद्धा मनाई आहे."

"बक्षीस?"

"बक्षीस नाही. उलट आपणच पैसे द्यायचे. एका फेरीचे तीस युरोच्या वर."

त्यांनी थोडा वेळ हिशेब केला. मग म्हणाले, "धावावं आपन, पैसे द्यावे आपन, अन् जितलं कोन थे बी सांगत नाही. थो पट नोहे बापू, थे वरात होय."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. गावानं मात्र त्या दिवसापासून त्याला 'जर्मनीचा पट' असंच नाव ठेवलं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे माझी तयारी सोपी झाली. पटाला जायचं कसं, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

तिथी आधी पाहावी. आपला पट धान घरात आलं की, पौष-माघात. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, पटाच्या गर्दीत सोयरिकी जुळतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक उजाडेपर्यंत चालतं. तिकडे त्या दिवसांत डोंगरावर बर्फ असतं आणि लोकांसाठीच्या फेऱ्या साधारण मार्चपासून नोव्हेंबरपर्यंतच असतात. म्हणजे देवानं दोन्ही पटांच्या तारखा एकमेकींना आडव्या येऊ दिलेल्या नाहीत. आपला पट पाहून, नाटकाची झोप भरून काढून, एप्रिलच्या सुरुवातीला निघावं. पऱ्हे टाकायच्या आत परत यावं. रोवणीला घरचा माणूस जर्मनीत आहे, असं सांगणाऱ्या बाईच्या तोंडाकडे पाहायची माझी तयारी नाही.

गाडीबद्दल फार बोलत नाही. माझी अकरा वर्षांची आहे, डिझेलची, एमएच ३६. नवशिक्याला वाटतं की तिकडे भारी गाडीच लागते. भारी गाडीनं काय होतं, ते २९ जून २०१८ ला दिसलं. टिमो बर्नहार्डनं पोर्शे ९१९ मध्ये बसून हा फेरा ५ मिनिटं १९.५४६ सेकंदांत संपवला. पण माझं दैवत वेगळं आहे. साबिने श्मिट्झ. आईवडिलांचं न्यूरबुर्गमध्ये हॉटेल, पोरगी त्या रस्त्याच्या कुशीतच वाढलेली. एका टीव्ही कार्यक्रमासाठी तिनं फोर्ड ट्रान्झिट ही मालवाहू व्हॅन या रस्त्यावर १० मिनिटं ८ सेकंदांत पळवली. तुमसर-भंडारा काळीपिवळीत मागच्या बाकावर बसून ज्यानं प्रवास केला आहे, त्यालाच या पराक्रमाची खरी किंमत कळेल. २०२१ च्या मार्चमध्ये ती वारली. हे मी टपरीवर सांगितलं तेव्हा दोघातिघांनी हळहळ व्यक्त केली, आणि एकानं विचारलं, व्हॅनमधी सवाऱ्या किती होत्या?

तिकडे जाऊन साधी भाड्याची गाडी घेऊ, असा विचार असेल तर सोडा. भाड्यानं गाडी देणारे बहुतेकजण या रस्त्यावर ती न्यायला करारातच मनाई करतात. बैल भाड्यानं आणून पटात जुंपू देणारा मालक तुम्हाला भेटला आहे का कधी?

आता कागद. इथे सावकाश वाचा.

पासपोर्टावर आणि आधारवर नाव एकच हवं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं आणि लोक हाक मारतात ते तिसरं. ती तिन्ही माणसं एकच आहेत, हे आधी शपथेवर सिद्ध करा. नंतर शेंगेन व्हिसा. शुल्क ९० युरो, फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, प्रवास विमा कमीतकमी ३०,००० युरोंचा. राहता येतं १८० दिवसांत ९० दिवस. आणि एक अट असते, की तुम्ही परत याल हे पटवून द्या. शहरातला माणूस यासाठी कंपनीचं पत्र जोडतो. आपण सातबारा जोडायचा, इंग्रजीत भाषांतर करून. माझ्या सातबाऱ्यात पीक पाहणीच्या रकान्यात 'धान' आहे. जून महिन्यात धानाच्या शेताचा मालक परदेशात पळून जात नाही, हे ज्याला माहीत नाही तो अधिकारी शेतकऱ्याच्या घरचा नाही, एवढंच म्हणता येईल.

मग आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. नमुना ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. हा आपल्या आरटीओतूनच मिळतो, सोपा आहे. अर्थात कुठल्या खिडकीवर कोण बसलंय, त्यावर सोपेपण अवलंबून. अशा एका खिडकीवर मला विमानाचं तिकीट मागितलं.

"विमानानं जात नाही, गाडीनं जातो."

"गाडीचं तिकीट जोडा."

"गाडी माझीच आहे."

"मग तिकीट कोण देणार?"

"तेच तर."

पाठीमागची रांग हसली. खिडकी बंद झाली, जेवणाची सुट्टी होती. रागावलो नाही. पटाच्या कागदांचा सराव होता. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या, राज्यानं २०१७ साली कायदा केला तरी त्या सुटेनात, १६ डिसेंबर २०२१ ला वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. या काळात किती जोड्या गोठ्यातच म्हाताऱ्या झाल्या. आताही पट म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलाच्या तब्येतीचा डॉक्टरचा दाखला, आणि धाव १,००० मीटरच्या आत. जर्मनीच्या एका फेऱ्यात आपले वीस पट बसतात, आणि तरी तिकडे गाडीच्या तब्येतीचा दाखला दारात कोणी मागत नाही. बैलाची किंमत कुठे जास्त आहे, ते तुम्हीच ठरवा.

सगळ्यात अवघड कागद म्हणजे कार्नेट. हा गाडीचा पासपोर्ट. 'ही गाडी मी तुमच्या देशात विकणार नाही, परत नेईन' अशी हमी. प्रत्येक देशासाठी एक पान, पानाचे तीन तुकडे. आत शिरताना एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि शिक्के मारलेला तिसरा तुमच्याकडे राहतो. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे काम करत आली आहे. हमी तोंडी चालत नाही, बँकेची लागते, आणि ती गाडीच्या किमतीवर ठरते. मी बँकेत गेलो. साहेबांनी पीककर्जाचा कागद पुढे केला. मी म्हटलं, पीक नाही, गाडी. त्यांनी ट्रॅक्टरकर्जाचा केला. तिसरा कागद त्या ड्रॉवरमध्ये नव्हताच.

युरोपात कार्नेटची गरज नाही. पण इराणला लागतं, आणि इराण मध्ये येतो. इथून रस्त्याचा विषय सुरू होतो.

नकाशा पसरून बसलात तर तुम्हाला आनंदाचा झटका येईल, म्हणून पाणी जवळ ठेवा. भंडाऱ्यावरून वैनगंगा ओलांडून जाणारा आपला राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्यावर आपण जन्मभर नागपूरच्या दवाखान्यात आणि लग्नाचा बस्ता घ्यायला गेलो, तो आशियाई महामार्ग ४६ आहे. नागपूरला त्याला ४३ क्रमांकाचा मिळतो, तो आग्र्याला नेतो. तिथून दिल्लीकडे निघालं की आशियाई महामार्ग १, जो तोक्योहून निघून थेट तुर्कस्तान-बल्गेरियाच्या सीमेवर जातो. म्हणजे मोहाडीला चौंडेश्वरीचं दर्शन घेऊन गाडी चालू केली, तर कागदावर जर्मनीपर्यंत रस्ता कुठेही तुटत नाही. नऊ हजार किलोमीटरच्या वर. तुटतो तो माणसांमुळे.

एकेकाळी तो तुटत नव्हता, हे विशेष. १९५७ साली लंडनहून कलकत्त्याला चक्क बस आली, प्रवाशांनी भरलेली, पाकिस्तानातून. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून सुटलेल्या सिडनी मॅरेथॉनच्या गाड्या काबूलवरून आठवडाभरात मुंबईत पोचल्या आणि पुढे बोटीत चढल्या. एवढं जुनंही कशाला, २०१६ साली भारुलता कांबळे, सासर महाडचं, इंग्लंडहून एकट्या गाडी चालवत भारतात आल्या. म्हणजे त्या बाजूनं येता येतं. आपल्या बाजूनं निघालं की अटारीचं फाटक बंद, त्याच्यापुढे अफगाणिस्तान. नेपाळवरून चीनमध्ये शिरायचं तर त्यांचा वाटाड्या गाडीत बसवावा लागतो आणि त्यांचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. आणि मणिपूरच्या मोरेपलीकडे म्यानमारची घडी २०२१ पासून विस्कटलेली.

उरलं पाणी. समृद्धी महामार्गानं नागपूरहून ७०१ किलोमीटर मुंबईकडे, तिथून गाडी पेटीत घालून बोटीनं आखातात, मग इराण, तुर्कस्तान, बल्गेरिया. आखातात त्या महिन्यात काय पेटलेलं आहे, ते पाहून तारीख धरा. आपला भारतातला गाडीचा विमा या सगळ्यात कुठेच चालत नाही, हेही लक्षात ठेवा. युरोपच्या वेशीवर त्यांचा विमा घ्यावा लागतो.

माझा एक भाचा फ्रँकफुर्टला आहे. तो म्हणतो, "मामाजी, विमानानं या ना, मी शनिवारी दोन तासांत नेऊन दाखवतो." हा मार्ग नवशिक्यांनी कटाक्षानं टाळावा. तो खरोखरच पोचवतो.

सामानाचं मात्र मी पटाच्या जोडीवरून शिकलो, तेच सांगतो. परगावच्या पटाला, बालाघाटच्या बाजूला वगैरे, जोडी न्यायची असते तेव्हा पिकअप आदल्या रात्री दारात लागते. आधी तळाला तणीस पसरतात, चांगली हातभर, की बैलाचे खूर पत्र्यावर घसरू नयेत. मग चढण म्हणून मातीचा उंचवटा किंवा फळी. शहाणा बैल आधी चढवतात, बुजरा त्याच्यामागे आपोआप येतो. दोघांची तोंडं एकाच दिशेला. घरच्या विहिरीच्या पाण्याच्या दोन कॅन, कारण नव्या गावचं पाणी बैल हुंगतो आणि तोंड फिरवतो. भिजवलेली सरकी वेगळ्या डब्यात. धुरकरी पुढे बसत नाही. तो मागे बैलांजवळ, रात्रभर पाठीवर हात ठेवून. मालक पुढे झोपतो.

यातलं जवळजवळ सगळं जर्मनीला लागू पडतं. तळाला काही मऊ पसरा, घरचं पाणी आणि घरचे तांदूळ घ्या, बुजऱ्या माणसाला शहाण्याच्या मागे बसवा. भेट म्हणून आंधळगावचा कोसा न्या, दोन उपरणी पुरेत. गावात हातमागावर विणलेलं आहे, किडा ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेला आहे, एवढं इंग्रजीत लिहून सोबत ठेवा, नाहीतर कस्टमवाला त्या रंगाला मळलेलं समजेल.

पोचलात समजा. मग खालील गोष्टी पाळा, तिथे त्या कायद्यानं आहेत. ओलांडायचं ते फक्त डावीकडून. मागून कोणी वेगात आला की उजवा दिवा लावून बाजूला व्हायचं. आपल्याकडे मागून आलेल्याला रस्ता देणं हा अपमान आहे, तिकडे तो शिष्टाचार आहे, त्यामुळे या एका गोष्टीचा सराव मी रामटेक रोडवर रोज करतो आणि लोक मला बिघडलेली गाडी समजून थांबून विचारतात. फेरीत मोबाइलनं चित्रीकरण करायचं नाही. घड्याळ लावायचं नाही. कडेच्या लोखंडी कठड्याला गाडी घासली तर कठड्याचे पैसे, गाडी ओढून न्यायचे पैसे आणि रस्ता बंद राहिला त्याचेही पैसे आपल्याकडून. कारुसेल नावाचं एक वळण आहे, सिमेंटचं, ताटासारखं आत कललेलं. त्यात चाक उतरवावं लागतं, म्हणजे गाडी त्याच्या काठानं स्वतःच वळते. जुन्या धुरकऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला. मूठ जरा वर आली, कासरा ओढल्यासारखी. "आतला बैल धरायचा," ते म्हणाले, "भायरचा सोडून द्यायचा." मग बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, "गाडीत जागा किती हाय?"

पासपोर्ट त्यांचा आला आहे. माझाही आहे. व्हिसाचे कागद जमले आहेत, कार्नेटची हमी अडली आहे. गाडी पाच जणांची, मागची एक बाजू तणीस आणि तांदळासाठी धरली तरी एक जागा रिकामी राहते. डिझेल अर्धं-अर्धं, टोल आळीपाळीनं. कोणाला यायचं असेल तर माघातल्या पटाच्या आत कळवा, आणि येताना सातबारा इंग्रजीत करून आणा.